लाल बादलीचा शेवट

"गेम चांगला आहे, पण फारच छोटा." पहिल्या कार्डावर हे होतं, दुसऱ्यावरही हेच. तिसऱ्यावर एका शाळामास्तरांनी हेच इतक्या अदबीने लिहिलं होतं की वाचता वाचता मलाच त्यांची माफी मागावीशी वाटली. गेमच्या डब्यात आम्ही मत लिहायला एक पोस्टकार्ड घालतो. लोक ते भरतात आणि आठवणीने पेटीत टाकतात. आलेली कार्डं पिशवीत घालून मी आमागासाकीच्या इस्पितळात न्यायची आणि कुसाकासानना वाचून दाखवायची, कारण औषधांनी त्यांचे डोळे लवकर दमायचे. पोटातला कॅन्सर यकृतात उतरला होता. ते आता घरी परत जाणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"छोटा कसा?" ते उशीवरून म्हणाले. "नुसता शेवटचा भागच तासाभराचा आहे."

"लोकांना हल्ली ताट भरून लागतं. तुम्ही दिलीत वाटी."

"चव कशी आहे ते कोणी लिहिलंय का?"

"लिहिलंय की. शेवट अंगावर आला म्हणतायत."

"मग झालं. पुढचं वाच."

आमची कंपनी म्हणजे टोफूच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि त्यात चार माणसं. कुसाकासान गोष्ट आणि कोडी लिहायचे, मी चित्रं काढायची, उएमोतो ते सगळं यंत्रात बसवायचा, आणि चौथा माणूस लोकांचे फोन घ्यायचा. 'लाल बादली' हा कुसाकासानचा शेवटचा गेम. हातात धरायच्या, डबीसारख्या मिटणाऱ्या दोन पडद्यांच्या यंत्रावर चालणारा. एका गावात कालव्यात बुडून सात वर्षांचा मुलगा गेलेला असतो. काठावर त्याची खेकडे पकडायची बादली आडवी पडलेली असते. आपण शहरातून आलेली एक बाई होऊन दारोदार विचारत हिंडायचं, कोडी सोडवायची. एकेक धागा सुटत जातो आणि प्रत्येक धागा मुलाच्या बहिणीपाशी जातो. ती नऊ वर्षांची, भावावर लक्ष ठेवायला तिला सांगितलेलं, आणि ती जागेवर नव्हती.

मग शेवटचं कोडं. मुलाच्या घरातला, गेलेल्या माणसांसाठी मांडलेला देव्हारा, त्यात त्याचा फोटो. आपण उदबत्ती लावायची, घंटा वाजवायची. दोन्ही पडदे काळे होतात आणि काळेच राहतात. इथे खेळणाऱ्याने यंत्राचं झाकण मिटायचं, दोन तळहात जोडावेत तसं. पुन्हा उघडलं की शेवटचा भाग सुरू होतो. यावरून मी त्यांच्याशी कडकडून भांडले होते.

"एक ओळ लिहा. 'हात जोडा', एवढंच," मी म्हणाले होते.

"समोर देव्हारा आहे. उदबत्ती लावली, घंटा वाजवली. पुढे काय करायचं हे आपल्या माणसांना शिकवायचं?"

"हात जोडायला यंत्र खाली ठेवावं लागेल ना?"

"ठेवताना मिटेलच की. उघडं टाकून कोण हात जोडतं?"

ऑफिसात आम्ही चौघांनी पुन्हा पुन्हा खेळून पाहिलं. चौघांनाही उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे कोणीच अडलं नाही. खोक्यामागे त्यांनी एक विनंतीही छापून घेतली, की शेवट कृपया कोणाला सांगू नका.

आणि आमच्या लोकांनी ती विनंती पाळली. इतकी पाळली की आम्हाला, गेम करणाऱ्यांनासुद्धा, शेवटी काय पाहिलं ते कोणी कळू दिलं नाही. "शेवटाबद्दल काही लिहीत नाही, पण दिवसभर बोलवेना." "असा शेवट करायला हिंमत लागते." सेंदाईच्या एका मुलीने लिहिलं होतं, "शेवटानंतर उठून आईजवळ जाऊन बसले." इंटरनेटवर लोक पानंच्या पानं लिहीत होते, आणि देव्हाऱ्यापाशी आले की तेही गप्प. "शेवटपर्यंत धीर धरा" असं एकदोघांनी लिहिलं. त्यांना बहुतेक झाकणाचं कोडं सुटलं होतं, पण तेही पुढे काही बोलले नाहीत. सभ्यपणाचा असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, पण तो नंतर. तेव्हा मी कुसाकासानना कार्डं वाचून दाखवत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

एके दुपारी ओकायामाहून एक कार्ड आलं. नाव नव्हतं. लहान, सरळ अक्षर.

"बादली निळी होती," मी वाचलं. "शेवट मला मान्य आहे."

मी चिडलेच. "घ्या, आता रंगही हेच ठरवणार. एवढ्याशा पडद्यावर निळी बादली कालव्याच्या पाण्याशेजारी दिसली असती का? म्हणून तर मी लाल रंगवली."

त्यांनी हात वर केला. सलाईनची नळी हलली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कार्ड मागून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वीस वर्षं एका खोलीत काम केलं, पण या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं.

"मिसाओ आहे ही," ते म्हणाले. "माझी मुलगी. खेळली ती."

त्यांचा धाकटा मुलगा योहेई पाण्यात गेला होता हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही हेही माहीत होतं. गेममध्ये तो कालवा आला तेव्हा आम्ही काही विचारलं नाही. शेवटच्या भागाची चित्रं मात्र मीच काढली होती. ओसरीवर बाप शेजाऱ्याशी शोगीच्या सोंगट्यांचा डाव मांडून बसलाय. सिगारेटी संपल्या म्हणून तो काठावरच्या मुलीला हाक मारतो आणि दुकानात पिटाळतो. ती परत येते तर बादली आडवी. सगळं गाव धावत येतं, आणि त्या सगळ्यांसमोर बाप मुलीला विचारतो, "तू कुठे होतीस?" मला वाटलं होतं, हा भाग त्यांनी रचलाय.

"ती कुठे होती ते मला माहीत होतं," कुसाकासान म्हणाले. "मीच पाठवलं होतं ना. सिगारेटचं पाकीट तिच्या हातात होतं, मिनोवा. तरी मी विचारलं. आणि ती काही बोलली नाही. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. तिच्या आईनेही. पुढे मी आज सांगीन, उद्या सांगीन करत राहिलो. बायको गेली. शाळा संपली तशी पोरगी घर सोडून गेली."

मी रागारागाने उभी राहिले. "आणि तुम्ही काय केलंत? कोडं! समोर बसून चार शब्द बोलायचे, तर तुम्ही त्याची कोडी घातलीत, माझ्याकडून चित्रं काढून घेतलीत आणि दुकानात विकायला ठेवलंत!"

"तोंडाने येत नव्हतं."

"आता येईल. नंबर द्या, मी लावून देते फोन."

ते हसले. फार दिवसांनी इतकं मोकळं हसले. "आता कशाला? तिने वाचलं सगळं. मान्य आहे म्हणते. अजून काय हवं माणसाला?"

ते कार्ड त्यांनी उशीखाली ठेवलं. त्यानंतर ते थोडं जेवायला लागले, नर्सबाईंची चेष्टा करायला लागले. एका सकाळी झोपेतच गेले. चेहरा इतका निवांत होता की मला त्यांचा हेवा वाटला.

मिसाओ अंत्यविधीला ओकायामाहून आली. मी तिला शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. आता काळ्या पोशाखात एक बारीक, केस मागे बांधलेली बाई समोर उभी होती, आणि कपाळ अगदी बापाचं. स्मशानात भट्टीचं दार लागलं. हाडं हाती यायला वेळ असतो, म्हणून आम्हाला बसायच्या खोलीत नेलं. चहा होता, गोड पाव होते. कुसाकासानचे म्हातारे चुलतभाऊ आणि उएमोतो सिगारेट ओढायला बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

"बादली मी रंगवली होती," मी म्हणाले. "निळी होती हे मला कोणी सांगितलं नाही."

ती जरा ओशाळली. "तुम्ही वाचलंत होय ते? आणि त्यांनी?"

"मी वाचून दाखवलं. फार समाधान वाटलं त्यांना, मिसाओ-चान. कार्ड उशाशी होतं शेवटपर्यंत."

"समाधान वाटायचंच." तिने चहाचा पेला हातात फिरवला. "शेवटी सगळं माझ्यावर आलं ना."

"तुझ्यावर म्हणजे?"

"बहीण जागेवर नव्हती. उदबत्ती, घंटा, अंधार. संपलं." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "आधी राग आला. म्हटलं, आता सगळ्या देशाला सांगितलंत. मग वाटलं, बरोबरच आहे, किती वर्षं पळणार? म्हणून लिहिलं मान्य आहे."

छोटा, छोटा, सगळी कार्डं छोटा म्हणत होती.

"अंधार झाल्यावर तू काय केलंस?"

"हात जोडले. योहेईचा फोटो होता ना समोर. यंत्र टेबलावर ठेवलं आणि हात जोडून बसले बराच वेळ."

"उघडंच?"

"हो. मग बंद केलं."

"झाकण?"

"आधी बटण, मग झाकण. चालू वस्तू मिटून ठेवायची नाही, बॅटरी जाते. घरची शिस्त, बाबांची."

त्यांचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. शवपेटीत त्यांच्या हाताशी ठेवायचं माझ्या मनात होतं, पण बॅटरी भट्टीत फुटते म्हणून स्मशानवाल्यांनी नको म्हटलं होतं. मी ते काढलं, देव्हाऱ्यापर्यंतचा डाव लावला आणि तिच्यापुढे ठेवलं.

"घंटा वाजव."

"मिनोवासान, मी पाहिलंय हे."

"नाही पाहिलंस. वाजव."

पडदे काळे झाले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता झाकण मिट. बटणाला हात लावू नकोस."

तिने दोन्ही हातांनी मिटलं. उघडलं तशी झाडांवरच्या किड्यांची किरकिर ऐकू आली आणि ओसरीवरचा बाप दिसला. ती वाचू लागली. चित्रं माझीच, कशामागून काय येतं ते मला पाठ, म्हणून मी तिच्याकडेच पाहत बसले. एका हाताने तिने टेबलाची कड धरली होती. बापाने हाक मारली तेव्हा तिची मान वर झाली, जणू खोलीतच कोणी तिला बोलावलं.

"हे पाकीट," ती खूप वेळाने म्हणाली. "मला आठवत होतं हे. पण मला वाटायचं, मी खाऊच्या गोळ्या घ्यायला गेले होते आणि पाकिटाचं नंतर मनाने रचलं. स्वतःला सोडवायला. म्हणून मी कधी बोलले नाही."

बोलण्यासारखं जे होतं ते बोलणारा माणूस भिंतीपलीकडे जळत होता, आणि तो मनात अगदी सुखी असताना गेला होता. त्या सुखाची मला तिथे बसून चीड आली, आजही येते.

ती शेवटपर्यंत वाचत गेली. पडद्यावर बाप सगळ्या गावासमोर उभा राहून खरं सांगतो, मुलीपुढे गुडघे टेकतो, कपाळ जमिनीला लावतो. ते चित्र काढायला मला फार दिवस लागले होते. मिसाओने ते बघितलं आणि बटण न दाबताच झाकण मिटलं. तेवढ्यात स्मशानातला माणूस बोलवायला आला.

पोलादी तबकावर ते पांढरे होऊन पसरले होते. आम्ही लांब काड्या घेतल्या. पायांपासून सुरुवात केली आणि दोघादोघांनी मिळून एकेक हाड कलशात ठेवलं. चुलतभावांचं झालं, उएमोतोचं झालं. घशाचं हाड शेवटी राहतं, आणि ते सगळ्यात जवळच्या माणसाने उचलायचं असतं.

"मुलीने पुढे यावं," तो माणूस म्हणाला.

मिसाओ पुढे झाली. काड्या हातात धरून ती तबकावर वाकली. घरातलं कोणी जेवायला उशिरा आलं की विचारतात, त्या आवाजात तिने विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

एका म्हाताऱ्या चुलतभावाने मान खाली घातली. ती वाट पाहत असावी, कारण बराच वेळ तशीच वाकलेली होती. मग तिने मला जवळ बोलावलं, आणि ते हाड आम्ही दोघींनी उचलून कलशात ठेवलं.