लॅपटॉपची वाटणी

घरात लॅपटॉप एकच आणि त्यावर हक्क सांगणारे दोघं: सासरे आणि सून. सासरे निवृत्त भूमापक. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखल्या, आता जुने नकाशे लॅपटॉपवर चढवत बसायचे. त्यांचं नकाशांचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नसे. सून हवामानशास्त्र शिकत होती आणि तिला विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीशिवाय गत्यंतर नव्हतं.

"दोन्ही एकाच डिस्कवर राहतील," ती म्हणाली. "चालू करताना मशीन विचारेल, कुठे जायचं. पण आधी वाटणी करावी लागेल."

वाटणी म्हटल्यावर सासऱ्यांचे कान टवकारले. चष्मा चढला, आलेखाचा कागद आला, फूटपट्टी आली.

"एकूण क्षेत्र?"

"पाचशे जीबी. तुमच्या विंडोजला तीनशे. उरलेल्यात लिनक्सला साठ, माझ्या फायलींना एकशे चोवीस, स्वॅपला सोळा."

"स्वॅप म्हणजे?"

"मेमरी भरली की मशीन तिथे तात्पुरतं सामान ठेवतं."

"त्याला सोळा कशाला? चार दे."

"काम उघडं ठेवून लॅपटॉप झोपवायचा तर अख्खी मेमरी तिथे उतरवावी लागते, बाबा. आणि मेमरी सोळाची आहे."

"मग सोळाच," म्हणत त्यांनी चौकोन आखला.

शनिवारी सकाळी सून विंडोजचा भाग लहान करायला बसली, तर ते जेमतेम चाळीस जीबी सोडायला तयार! शोधलं तर 'जुनी मोजणी' नावाचं फोल्डर एकशे सत्तर जीबी अडवून बसलेलं.

"बाबा, यात काय आहे?"

"नाव वाचता येतं ना? मोजणी."

"उघडू?"

"काही गरज नाही!" सासऱ्यांचे कान लाल झाले.

"माउथ ऑर्गन आहे त्यात!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "रोज सकाळी गच्चीवर स्वतःचं शूटिंग करतात!"

लपवण्यात आता अर्थ नव्हता. सुनेने पहिला व्हिडिओ लावला. सासरे चार सूर वाजवून अडखळले, "छे!" म्हणाले, पुन्हा तिथेच अडखळले. तिला हसू आवरेना. मग तिने मागच्या महिन्यातला लावला. तीच धून, पण अथपासून इतिपर्यंत, कुठेही न थांबता. तिचं हसू विरलं.

"सहा वर्षं लागली," सासरे खालमानेने म्हणाले. "ते अडखळलेलेही पुसू नकोस."

"पुसणार कोण?"

तिने सगळं बाहेरच्या दोन डिस्कवर उतरवलं, सोबत नकाशेही. सासऱ्यांनी दोन्हीकडच्या फायली उघडून पाहिल्या, तेव्हाच मूळ फोल्डर हटवू दिलं. आता विंडोजने निमूट दोनशे सोडले. दुपारपर्यंत लिनक्स बसलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्यावर दोन नावं उमटली. आधी विंडोज. नकाशा उघडला, आणि सासऱ्यांनी रोखलेला श्वास सोडला.

सोमवारी सकाळी नऊला मात्र दोघंही एकाच वेळी लॅपटॉपपाशी हजर.

"डिस्क वाटली, वेळ राहिली!" सून म्हणाली.

"सकाळ तुझी," सासरे म्हणाले. "माझा रियाज असतो. आता गच्चीवर जायचं काय कारण? इथेच बसतो."

सुनेने लॅपटॉप उचलला आणि हसतहसत गच्चीची वाट धरली.