ट्रेगार्थचा मागचा जिना

ट्रेगार्थ हवेलीवर गावानं पुस्तिका काढलीय. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. आत तीन मालक आहेत. तांब्याच्या खाणीवर गबर झालेला जोसाया ट्रेबिलकॉक, ज्यानं १८८३ साली आखाताच्या तोंडावर बावीस खोल्या बांधल्या. त्याची अविवाहित मुलगी लॅव्हिनिया, जिनं त्या राखल्या. आणि तिचा भाचा, ज्यानं त्या फ्लॅटवाल्याच्या घशात घातल्या. पाडली कुणी, ते लिहिलेलं नाही. मी पाडली. मी आणि आणखी चौघांनी, १९६४च्या मार्चमध्ये.

पाडकामाची रीत अशी की विकलं जाणारं आधी काढायचं. म्हणून पुढचा देवदारी जिना पहिल्याच दिवशी उचकटून ट्रकवर चढवला. मागचा, नोकरांचा जिना शेवटपर्यंत ठेवतात. त्याला कुणी विचारत नाही, आणि आम्हाला वर जायला तोच लागतो.

चौथ्या दिवशी सकाळी लॅव्हिनियाबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी. हातात काठी, उन्हातही हातमोजे.

"माझ्या खोलीतून एकदा समुद्र बघायचाय."

"जिना गेला, मिस," मुकादम क्लॅरी म्हणाला. "मागचा आहे. तोही दुपारी पाडायचाय."

"मागचा?" त्यांनी असं विचारलं, जणू घराला दुसरा जिना असल्याचं आजच कळलं.

"विल्फ, ने त्यांना. आणि पडल्या तर माझं नाव घेऊ नकोस."

नवव्या पायरीवर बाई धापा टाकत थांबल्या. "इथं कठडा का नाही?"

"तुमच्या वडलांना विचारा, बाईसाहेब."

"भलताच तोंडाळ आहेस. कुणाचा तू?"

"माझी आई इथंच राबली. एकोणीस वर्षं. याच पायऱ्यांवरून तुमच्या अंघोळीचं पाणी वाहायची."

"जेनचा मुलगा?"

पेटलोच मी. ट्रेगार्थमध्ये प्रत्येक मोलकरीण जेनच. एक गेली की दुसरी जेन. खरं नाव लक्षात ठेवायचे कष्ट कोण घेणार!

"थर्झा," मी म्हणालो. "थर्झा पॅस्को."

बाई माझ्या खांद्यावर हात टेकून उरलेल्या पायऱ्या चढल्या.

खोलीच्या खिडक्या आम्ही आदल्या दिवशीच काढल्या होत्या. भिंतीत नुसतं भगदाड, आणि खारा वारा. बाई त्याच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काय दिसतं?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही मोतीबिंदूनं दुधाळ.

"बघायला आलात ना?"

"आले खरी. नव्या घरी वाटायचं, इथं उभी राहिले की दिसेल."

सोडून खाली जावं, असं मनात आलं. माझ्या आईनं इथून समुद्र कधी पाहिला नव्हता. ती झाडायची तेव्हा पडदे ओढलेले असायचे, उन्हानं गालिचा विटू नये म्हणून. मीही पहिल्यांदाच थांबून बघत होतो.

"ओहोटी आहे," मी म्हणालो. "शेवाळाचे ढीग पडलेत. कुजलेत."

"वास येतोय. बाबांचा बोटींचा धक्का?"

"नाही. आठ वर्षांपूर्वी वादळात गेला. चार खांब उरलेत."

"भाचा म्हणायचा, सगळं तसंच आहे." काठी समुद्राकडे रोखली. "खांबांवर काय?"

"पाणकावळे. पंख पसरून वाळत बसलेत. धोब्याकडचे कोट जसे."

बाई हसल्या. "आणि पलीकडे?"

खालून क्लॅरी ओरडला, "विल्फ! मेलास का?"

"थांब रे!"

"सावकाश सांग," बाई म्हणाल्या. "थर्झाला सांगितलं असतंस तसं."

तसं मला सांगता आलं नाही. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तिच्याशी समुद्राबद्दल बोलायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. पण पलीकडचं सगळं सांगितलं. हिरवं पाणी, मग करडं, मग जिथं एकदम खोल होतं तिथलं काळंनिळं. एकही रंग गाळला नाही.