हाक खालून येते

"पोरी, तुझ्या आजोबांची हाक हल्ली खालून येते," भिंतीपलीकडून मब्रूकाखाला म्हणाली, तेव्हा जलीला मांडीवरच्या लेकीच्या, दोजाच्या, हिरडीवर बोट फिरवून दात कुठवर आलाय ते बघत होती.

"खालून म्हणजे?"

"म्हणजे वरून नाही. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून ऐकतेय मी. डोक्यावरून यायची ती हाक. आता गुडघ्याशी येते."

"वारा फिरला असेल, खाला."

"वारा फिरतो गं, माणसाचा गळा नाही फिरत. डोळे गेलेत माझे, कान जागेवर आहेत. मी आपलं सांगितलं."

"बरं, विचारते," जलीला म्हणाली, आणि दोजाने तेवढ्यात बोटाला कडकडून चावा घेतला, त्या आनंदात विचारायचं राहून गेलं.

खरं तर काळजी करण्यात जलीलाचा हात धरणारं वाळवंटाकाठच्या त्या नेफ्ता गावात कोणी नव्हतं. बिछाना झटकल्याशिवाय ती दोजाला निजवत नसे, विंचू असेल म्हणून. पाणी दोनदा उकळायची. गफ्साच्या कॉलेजात शिकलेलं सगळं ती त्या एका लेकरावर पणाला लावून बसली होती, आणि रात्रीतून उठून श्वास बघायला त्याच्या नाकापाशी बोट धरायची ते वेगळंच. पण आजोबांची काळजी? घराच्या भिंतीची कोणी काळजी करतं का? भिंत असतेच.

लखदर आजोबा तसेच होते. खजुराच्या बागेत जन्म गेला त्यांचा. आधी दुसऱ्यांची झाडं राखली, पाचवा हिस्सा घेऊन. मग एकेक करत स्वतःची लावली. पाच लेकरं वाढवली, बायको गेल्यावर त्यांची लग्नंही एकट्याने लावली. जलीलाचा बाप लवकर गेला तेव्हा गाढवाची गाडी घेऊन ते सुनेच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, घरी चल. पोरीला उन्हात ठेवू नकोस." त्याहून जास्त काही बोलले नाहीत. परतल्यावर त्याच आठवड्यात बागेत एक रोप लावलं, जलीलाच्या नावाचं. शेजारचे हसले. रोप मुलगा झाला की लावायचं, अशी तिथली रीत. आजोबा म्हणाले, "खजूर पोरगीच देते. नराला कधी खजूर लागलेत का?"

आणि त्यांचा तो लोकरी बर्नूस, मागे टोपी जोडलेला झगा. त्याची टोपी त्यांनी क्वचितच डोक्यावर घेतली. ती पाठीवर लोंबायची, पिशवीसारखी. बागेतून येताना तिच्यात काहीतरी असायचंच. कोवळी काकडी, गरम भाकरीचा तुकडा, एकदा तर जिवंत ससा. पोरांनी मागून जाऊन हात घालायचा आणि आजोबांनी चोर चोर म्हणून ओरडायचं, हा रोजचा खेळ. जलीला कॉलेजात असताना ते बसने गफ्साला आले, तर वसतिगृहाच्या फाटकात पाठ करून उभे राहिले. "घाल हात," म्हणाले. पहारेकरी बघतच राहिला.

हाकेचं असं होतं. खजुराच्या शेंड्यावरून साऱ्या गल्लीची अंगणं दिसतात. कोणी केस धूत असते, कोणी पाजत असते. म्हणून चढणाऱ्याने आधी हाक द्यायची. सगळेच देत, पण आजोबांच्या हाकेची मजा और होती. बुंध्याशी एकदा आणि शेंड्यावर पोचल्यावर एकदा.

"चढतोय गं लेकींनो, अंगण झाका..."

आणि वरून आणखी काहीबाही: "जोहरा, बकरी छपरावर गेलीय बघ. मब्रूका, तुझा रस्सा करपतोय, वास इथवर आला." बायका खालून उत्तरं द्यायच्या, "आधी स्वतःचे दात सांभाळ, मग माझा रस्सा." हाक ऐकू आली की आजोबा कामाला लागले, सगळं ठीक आहे, असं घर समजायचं. शहरातले काका शुक्रवारी फोन करत, "बाबा, तब्येत?" इकडून एकच उत्तर, "ठणठणीत."

खाला हे बोलली तेव्हा नर झाडांची फुलं उमलली होती, आणि मादी झाडांवर चढून ती फुलं घोसांत बांधायचे दिवस चालू होते. ते वेळेत झालं नाही तर वर्षभर चोथाच लागतो. आजोबा पहाटेच जायचे. जेवायला बसले की भाकरी अर्धी ठेवायचे. जोडा घालताना मध्येच थांबून एक पाय हातात धरून बसायचे. जलीलाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, दोजाचे दात त्याहून मोठे दिसत होते, एवढंच.

मग एका सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दोजा पाठीला बांधलेली. बागेतून हाक आली, "अंगण झाका..." तिने सवयीने आजोबांच्या उंच झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं. शेंड्यात माणूस होता. पांढरी दाढी, हातात फुलांची जुडी. पण ती दाढी तिजानीची होती, आजोबांच्या दोस्ताची. त्याचं तोंड मिटलेलं होतं. आणि हाक अजून येतच होती. तिच्या पायांखालून, बुंध्यांमधल्या सावलीतून, मध्येच दम घेत.

मब्रूकाखालाचं बोलणं तिला तेव्हा आठवलं.

ती जिना उतरली. भिंतीवरून दोजाला पलीकडे दिलं. "खाला, हिला धर."

"निघालीस का शेवटी," खाला म्हणाली आणि पोरीला छातीशी घेतलं.

आजोबा जलीलाच्याच झाडाला पाठ टेकून बसले होते. एक हात छातीवर, ओठ निळसर. पाय सुजून जोड्यात मावत नव्हते, म्हणून जोडे शेजारी नीट मांडून ठेवलेले. तिला बघून ते हसायला गेले.

"आलीस? चहा आणायचा होतास."

"जद्दी, हे केव्हापासून?"

उत्तर तिजानीने दिलं. तो उतरून उभा होता, अनवाणी, अंगभर फुलांची पांढरी भुकटी. "फुलं उमलली तेव्हापासून. अर्ध्यावर गेला की दम लागायचा त्याला. मग ठरलं. हाक त्याने द्यायची, चढायचं आम्ही. सगळ्यांनी त्याची झाडं वाटून घेतली."

"सगळ्यांनी?"

"बागेतल्या सगळ्यांनी. माझा पाय मोडला होता ना, त्या वर्षी माझी झाडं कोणी केली? यानेच. आणि हाक माझ्या आवाजात द्यायचा, खोकल्यासकट. गावाला पत्ता लागू दिला नाही."

"मग घरी का नाही सांगितलं कोणी?"

"कसं सांगणार बाई? त्याची अब्रू होती."

"अब्रू सांभाळलीत तुम्ही. छाती कोणी बघितली?"

तिजानी वाकून आजोबांचे जोडे उचलू लागला. त्याला तरी काय म्हणायचं? अख्ख्या बागेने एका माणसाचा मान तळहातावर झेलला होता, आणि त्या झेलण्याच्या नादात माणूस हातातून निसटत चालला होता.

"त्याला बोलू नकोस," आजोबा म्हणाले. शब्दाशब्दाला थांबत. "तुला सांगितलं असतं... तर माझ्याही नाकापाशी... बोट धरून बसली असतीस."

"बसलेच असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तिजानीने गाढवाची गाडी आणली. चौकातून कोणाची तरी मोटार मिळाली. तोझरच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी भरलंय, पण आणलंत वेळेवर. वेळेवर कोणी आणलं, ते जलीलाला माहीत होतं. भिंतीपलीकडच्या एका आंधळ्या बाईने.

चौथ्या दिवशी ती दोजाला घेऊन गेली. आजोबा उशीला टेकून बसले होते, बर्नूस खांद्यावर. नातीच्या लेकीला बघताच त्यांनी तिच्याकडे पाठ केली. टोपीत एक उकडलेलं अंडं आणि साखरेच्या पुड्या निघाल्या. दवाखान्याचं जेवण होतं ते.

"तुम्ही जेवला नाहीत?"

"मी काय, म्हातारा माणूस. अंडं तिला."

झाडावर चढणं तर संपलं. पण बागेने त्यांना सोडलं नाही. जलीलाच्या झाडाखाली खुर्ची आली. चढणारा जो तो आधी त्यांच्यापाशी यायचा, "लखदर, चढू का?" मग आजोबा खुर्चीतून हाक द्यायचे, ज्याचा नंबर असेल त्याच्या नावाने. आता खालूनच यायची ती हाक, उघड उघड, आणि गल्ली उत्तर द्यायची, "झाकलं हो." दोजा त्यांच्या पायाशी धुळीत बसून वाळल्या पात्या चघळायची. जलीला विंचवाच्या धाकाने जागा झाडायला धावायची, तर आजोबा म्हणायचे, "मी बघतोय. विंचवालाही माझी हाक कळते."

ते आणखी एक हंगाम जगले. दोजाच्या नावाच्या रोपाला स्वतः पाणी सोडलं. उभं राहवत नव्हतं, तर पाटाशी बसून, हाताने माती सारून. तोडणी उरकली, शेवटचे घोस घरात आले, आणि थंडीच्या एका दुपारी आपल्या बिछान्यात त्यांनी डोळे मिटले. जलीला शेजारी होती. तिचं बोट त्यांच्या नाकापाशी होतं, आणि या खेपेला त्यांनी ते हटवलं नव्हतं.

बर्नूस धुवायला काढला तेव्हा टोपीतून खजुराच्या बिया पडल्या, साखरेचा एक खडा, आणि दोजाचा लोकरीचा मोजा, जो सगळं घर उलथून सापडला नव्हता. जलीलाने मोजा धुतला. टोपी नाही धुतली.

आता ती भेटेल त्याला तब्येत विचारत असते. मब्रूकाखालाच्या दारात तर रोज सकाळी जाते, नुसती हाक देऊन भागवत नाही, हात धरून बघते. काकांनाही सांगितलंय तिने, फोनवर ठणठणीत म्हणायला फार जोर लागत नाही. तुमच्याही ओळखीचं कोणी असेल, वेळ न चुकवता हाक देणारं, मी मजेत म्हणणारं, कामाचं, कष्टाचं, कुणाला त्रास नको म्हणणारं. जलीलाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज त्यांच्याकडे जाऊन या. हाक येते का हे बघू नका, ती कुठून येते ते बघा.