डावा डावीकडे

“परत सांगा. तो म्हणाला अगदी तसंच.”

रोपवाटिकेच्या बाई संकोचल्या. त्यांच्या वडिलांच्या काळातली पिकअप मिस्त्रीच्या शेडसमोर उभी होती, मागे कुंड्यांची माती तशीच सांडलेली. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, आणि खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातातून निसटायचं. बाई आधी उताराखालच्या मोठ्या गॅरेजात जाऊन आल्या होत्या.

“ते म्हणाले, पुढचा अख्खा सांगाडा बदलावा लागेल, तेवढ्या पैशात दुसरी गाडी येईल. आणि स्वस्तातच करायचं असेल तर त्या ‘हवा’ मिस्त्रीकडे न्या. तो काय, हवेवरसुद्धा गाडी थांबवतो.”

“हसला?”

“सगळेच हसले हो. मला वाईट वाटलं.”

मिस्त्रीला मात्र फार बरं वाटलं. बावीस वर्षं एखादं वैर सांभाळायचं म्हणजे सोपं काम नाही; मधूनमधून त्याला काहीतरी खायला घालावं लागतं, आणि गेले कितीतरी महिने ते उपाशी होतं. “गाडी ठेवून जा,” तो म्हणाला. “सांगाड्याला हात न लावता करून देतो. भंगारातल्या सामानात.”

त्या मोठ्या गॅरेजचा मालक म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. मिस्त्रीने ऐन उमेदीची वर्षं त्याच्याकडेच काढली होती. मग एकदा मेहुण्याच्या स्वतःच्या पिकअपला, तीही अशीच जुनी, मिस्त्रीने पुढचे ड्रम काढून डिस्कचे ब्रेक बसवले. चारच दिवसांनी उतारावर मेहुण्याच्या पायाखालचा पेडल फळीपर्यंत गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. गुडघ्याचा चुरा झाला. दवाखान्यातून परतल्यावर मेहुणा सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, “याने ब्रेकच्या तेलात हवा ठेवली.”

“सात वेळा काढली हवा!” मिस्त्री ओरडला होता. “तुझा पाईप कुजका होता. चिक्कूपणा करून जुनाच ठेवलास, तो फुगला.”

मेहुणा म्हणाला पाईप नवा होता. मिस्त्री म्हणाला खोटं बोलतोस. त्याच दिवशी त्याने हत्यारांची पेटी उचलली. पण नाव मागोमाग आलं. ‘हवा’. सुटे भाग विकणारा त्याच नावाने हाक मारायचा, आणि वर पुन्हा म्हणायचा, रागावू नकोस, प्रेमाने म्हणतो. मिस्त्रीने बायकोला बजावलं, त्या घराची पायरी चढायची नाही. नऊ वर्षांपूर्वी तिची आई गेल्याचा निरोप आला तेव्हाही त्याने एवढंच विचारलं होतं, “जाणार असशील तर इथे परत येणार आहेस का?” ती गेली नाही. त्या दिवशी तिने घरातली सगळी भांडी पुन्हा घासली आणि मिस्त्रीला वाटलं, चला, समजली.

बाई गेल्यावर बायको शेडमध्ये आली. मिस्त्री गाडीखाली आडवा होता.

“दादाकडून आलीय ना ही गाडी?”

“हो. आणि दादाकडेच जाणार. ऐक.” तो सरपटत बाहेर आला. डोळ्यांत चमक होती. “झाली की मी त्या उतारावरून सोडणार. जोरात. तो बसतो ना दारात खुर्ची टाकून? त्याच्या खुर्चीच्या वीतभर अलीकडे थांबवणार. वीतभर. सगळ्या पोरांसमोर उठायला लावतो त्याला. लंगडत लंगडत उठेल आणि मागे पडेल. मग विचारतो, कुणाची निघाली हवा?”

“आणि नाही थांबली तर?”

“माझा ब्रेक आहे तो,” मिस्त्री म्हणाला, जणू एवढ्यात सगळं आलं.

तो पंधरा दिवस असा राबला की जेवायला हाका माराव्या लागत. भंगारवाल्याकडे मागून ठोकर बसलेली एक मोटार पडली होती. मागचा भाग चेपलेला, पुढचा धडधाकट. तिचे डिस्क त्याने काढले, डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे कॅलिपर काढले, आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडरही काढला, म्हणजे पुढचे ब्रेक गेले तरी मागचे राहावेत. पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगांचे पाटे उतरवून एकेक पान घासलं, दोन चिरलेली पानं बदलली, झिजलेल्या बुश ठोकून काढून नव्या घातल्या. चाक ज्या खिळीभोवती वळतं ती किंगपिन लेथवाल्याकडून नव्याने कातून घेतली. एका मोडक्या व्हॅनचे धक्के शोषणारे शॉक जोडून दिले. या सगळ्यात तो मेहुण्याशी मोठ्याने बोलत असे. “सांगाडा बदलायला हवा म्हणे! तुझाच बदल आधी.” बोल्ट आवळताना मेहुण्याची मान हातात आहे अशा त्वेषाने आवळायचा. राग असा कामाला लागला की माणसाच्या हातून काम सुरेख होतं, हे कबूल केलं पाहिजे.

कॅलिपर मोटारीत चाकाच्या आसाच्या मागे होते. पिकअपमध्ये मागे स्टिअरिंगचा दांडा आडवा येत होता, म्हणून त्याने जाड पत्र्याचे ब्रॅकेट कापून ते पुढच्या बाजूला बसवले. काढतानाच त्याने प्रत्येकावर खडूने लिहून ठेवलं होतं: डावा, उजवा. मिस्त्री शिस्तीचा माणूस. त्याच्या शेडमध्ये प्रत्येक पान्याला ठरलेला खिळा होता आणि घरात चपलांच्या जोडीची अदलाबदल त्याला खपत नसे. डावा डावीकडे बसला, उजवा उजवीकडे.

मग हवा काढायची वेळ आली. या कामाला त्याला बायको लागायची; लग्न झाल्यापासून पेडलवर तिचाच पाय. कॅलिपरवरचा बारीक स्क्रू सैल करायचा, पेडल दाबला की तेलाबरोबर अडकलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, बुडबुडे थांबले की झालं.

“दाब,” तो गाडीखालून म्हणाला. “धर. धरलास? सोड.”

बुडबुडे आले, मग थांबले. दुसरी बाजूही तशीच झाली. तो उठून पेडलवर बसला. पेडल मऊ. ओल्या कणकेत पाय रुतावा तसा आत जात होता. दोनतीनदा भरभर दाबला की कडक व्हायचा, जरा थांबलं की पुन्हा मऊ.

“पुन्हा.”

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा केलं. मिस्त्रीने सिलिंडर तपासला, जोड तपासले, पाईप तर नवेकोरे होते, स्वतः आणलेले. पाचव्यांदा त्याने पाना भिरकावला. सहाव्यांदा तो भंगारवाल्याच्या खानदानावर घसरला.

“दाब! नीट दाब, पाय हलतो तुझा.”

“माझा पाय हलत नाही,” ती वरून म्हणाली. “तुम्हीच बघा नीट. एक विचारू?”

“काय?”

“बाकीच्या गाड्यांची हवा तुम्ही बसून काढता. उकिडवे. आज गाल जमिनीला लावून का काढताय?”

“स्क्रू खाली आहे म्हणून. आणखी कशाला?”

“मी तेच म्हणते. असे तुम्ही एकदाच झोपला होतात. दादाच्या गाडीला. तेव्हाही पेडलवर मीच होते. तुमच्या गालाला सगळं तेल लागलेलं, मी हसले होते, तुम्ही चिडला होतात.”

मिस्त्री तसाच पडून राहिला, गाल जमिनीला, आणि डोळ्यांसमोर तो स्क्रू. कॅलिपरच्या तळाला.

हवा वर जाते. शेडमधल्या कोणत्याही पोराला कळेल एवढी साधी गोष्ट. स्क्रू तळाला असेल तर तेल निघेल, खालचे चार बुडबुडे निघतील, आणि वर अडकलेली हवा वरच राहील. सात वेळा काढा नाहीतर सत्तर वेळा. आसाच्या मागचा कॅलिपर त्याच बाजूला पुढे आणला की तो उलटा होतो. पुढे बसवायचा तर डावा उजवीकडे न्यावा लागतो आणि उजवा डावीकडे. मेहुण्याच्या गाडीलाही त्याने पुढेच बसवले होते. तेव्हाही खडूने लिहिलं होतं. पेडल थोडा मऊ लागला होता, तो दोष त्याने पाईपच्या माथी मारला होता. त्यानंतर असं काम त्याने कधी घेतलं नाही. कंपनीतून आलेल्या गाड्यांत डावा डावीकडेच असतो, स्क्रू वरच असतो, विचार करायची वेळच आली नव्हती.

त्याने मुकाट्याने दोन्ही कॅलिपर काढले आणि अदलाबदल करून बसवले. आता स्क्रू वर आले. तो उकिडवा बसला.

“दाब,” तो हळूच म्हणाला.

पहिल्याच दाबाला हवेची एवढी मोठी गुळणी आली की स्क्रूला लावलेली नळी उडाली. तिसऱ्या खेपेला पेडल दगडासारखा झाला. तिने पाय काढला नाही.

“मिळाली?” तिने विचारलं.

“मिळाली.” त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. एवढ्या वर्षांत त्याला कशाची भीती वाटली नव्हती, आता बायकोकडे बघायची वाटत होती. पण सांगितलं. कॅलिपर, खडू, सगळं. “पाईपचं काही नव्हतं. माझंच चुकलं होतं.”

ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली.

“म्हणजे दादा खोटं बोलत नव्हता.”

“नाही.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“आहे.”

“मग मी आईला…” ती म्हणाली. मग ती पलीकडच्या सीटवर सरकली. “गाडी काढा.”

“बाई उद्या न्यायला येणार आहेत—”

“काढा म्हटलं ना.”

लग्न झाल्यापासून तिने त्याला असा हुकूम केला नव्हता. त्याने गाडी काढली. खड्ड्यातून पिकअप अलगद गेली, वळणावर एका बोटाने वळली. त्याच्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं, आणि त्याचं त्याला काडीचं सुख झालं नाही. उतारावर आल्यावर त्याने वेग आपोआप कमी केला. खाली गॅरेजच्या दारात खुर्ची होती, खुर्चीत मेहुणा. पिकअप सरळ रेषेत, जराही न ओढता, त्याच्यापासून चांगली दोन गाड्यांच्या अंतरावर थांबली.

मेहुणा ओळखून उठला. आधी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले, मग चांगला पाय टेकला, मग न वाकणारा पाय मागून ओढून घेतला. हेच बघायला मिस्त्री येणार होता. त्याने मान खाली घातली.

कामगार गोळा झाले. मिस्त्री खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, कारण हळू बोलला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं.

“तुझ्या गाडीचे कॅलिपर मी उलटे बसवले होते. हवा राहिली होती. पाईप चांगला होता.”

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. मारतो की काय असं वाटलं. मारलं असतं तर मिस्त्रीला बरंच वाटलं असतं. पण तो चाकापाशी गेला, दुखऱ्या पायामुळे अर्धाच वाकला, आणि कॅलिपरच्या माथ्यावरच्या स्क्रूवर बोट ठेवलं.

“आता बरोबर आहे,” तो म्हणाला. “काम चांगलं झालंय.” गॅरेजला लागूनच घर होतं, पण मिस्त्रीला त्याने आत या म्हटलं नाही.

ती तोवर खाली उतरली होती. भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिले.

“केस पांढरे झाले गं तुझे.”

“तुझे तर राहिलेच नाहीत.” ती हसायला गेली, जमलं नाही. “दादा, आईची खोली कुठली? शेवटी ती कुठे असायची?”

मेहुणा घुटमळला. “मागची. पण तिथे आता टायर ठेवतो मी. जागा पुरत नाही.”

ती त्याची वाट न बघता आत गेली. मिस्त्री मागोमाग गेला, अडवलं कोणी नाही. मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं. आत छतापर्यंत टायर रचलेले, खिडकीही त्यांच्याआड गेलेली. ती दारातच थांबली. मग तिने बाह्या वर सारल्या, सगळ्यात पुढचं टायर दोन्ही हातांनी धरलं आणि ओढून बाहेर आणलं. मग दुसरं धरलं. ते जड होतं, जागचं हललं नाही. मिस्त्री पुढे झाला.

“तुम्ही हात लावू नका,” ती म्हणाली, आणि पुन्हा ओढू लागली.