कॉलचं स्पेलिंग

सुविधा टीचरनं दहावीला इंग्रजीच्या तासाला सिनेमा दाखवला, यात कुणाला वावगं वाटलं नाही. शाळेचा प्रोजेक्टर चालला याचंच सगळ्यांना नवल. सुट्टीतल्या प्रशिक्षणातून ती एक तक्ता घेऊन आली होती: नायकाचा प्रवास, पायऱ्या बारा. नायक घरी सुखात असतो, मग त्याला कॉल येतो, मग तो नको म्हणतो, आणि नको म्हणून झालं की जातोच. सिनेमा डोंगरातल्या एका मेंढपाळ मुलीचा होता. ती समुद्र बघायला निघते. गोव्यातल्या पार्से गावच्या पोरांना समुद्र स्कूटरवर वीस मिनिटं. एवढ्याशा कामाला दोन तास का लागले, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मग चाचणी घेतली. प्रश्न एकच: नायिका कॉल कधी नाकारते? छत्तीसपैकी एकतीस जणांनी कॉलचं स्पेलिंग के-ए-यू-एल असं केलं होतं.

चूक म्हणावी तर चूक, पण पोरांनी कानाला ओळखीचं वाटलं तेच लिहिलं. इकडे लग्न असो, विहीर असो, देवाला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सुविधा स्वतः इकडच्याच आमोणे गावची. तिचं बीएडसुद्धा उजव्या पाकळीवर झालेलं. एका पेपरात तर मेंढपाळ मुलगी नारळ घेऊन गुरवापुढे उभी होती. सुविधानं स्पेलिंगचा अर्धा गुण कापला आणि बाकीचे दिले, कारण व्याकरण बरोबर होतं.

तनयाच्या पेपरात चारच वाक्यं होती. नायिकेच्या वडिलांनी कौल लावला. डावी पाकळी पडली. नायिका घरी राहिली. सिनेमा संपला.

सिनेमात असलं काही नव्हतं. त्या मुलीला वडीलच दाखवले नव्हते. पण तनयाला पुण्याच्या एका निवासी विद्यालयात अकरावीचा प्रवेश मिळाला होता, फॉर्म सुविधानंच भरून दिला होता, आणि पालकाची सही होऊन तो अजून परत आला नव्हता. शुक्रवार शेवटचा दिवस. एवढी हुशार पोर चार वाक्यांत संपली, याचा सुविधाला असा संताप आला की बुधवारी शाळा सुटल्यावर ती थेट तिच्या घरी गेली.

तनयाचा बाप सगुण मोपा विमानतळावर टॅक्सी चालवायचा. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. तनया चहा ठेवायला आत गेली आणि सुविधानं पर्समधून कागद काढला. देवाशी वाद घालायची तिची तयारी नव्हती, पण प्रश्नाच्या वाक्यरचनेवर वाद घालायला ती हक्काची माणूस होती.

"सगुणबाब, कौल परत लावता येतो. 'पोरीला पाठवू का' असं मोघम विचारलं तर देव तरी काय सांगणार? हे बघा, मी प्रश्न नीट लिहून आणलाय. उद्या दोघं धाकू गुरवाकडे जाऊ. मागच्या खेपेला तुम्ही कसं विचारलंत, ते त्याच्या लक्षात असेलच."

सगुणनं कागद वाचला. घडी घातली. परत उघडला.

"धाकूक काय आठवतला, टीचर? मी कौल लावलोच नाय."

"म्हणजे?"

"देव व्हय म्हणतलो, ही माका भिती होती."

तनया चहा घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावेल असं सुविधाला वाटलं. ती बापाशेजारी येऊन बसली आणि चहा ट्रेमध्येच राहिला.

"रोज लोकांच्या पोरांका विमानाक सोडतंय," सगुण म्हणाला. "पोर आत गेला काय बापूस माझ्याच गाडीत बसान घराक येता. इतक्या वर्सांत येक बापूस वाटेत बोललो नाय." मग त्यानं विचारलं, "तुमच्या त्या शिनेमात बापाशीचा फुडे काय जाता?"

सुविधानं बाराही पायऱ्या मनात चढून पाहिल्या. बाप कुठल्याच पायरीवर नव्हता.

"दाखवलं नाही," ती म्हणाली.

"बाबा, मी नाय जावचंय," तनया म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं. सगुणनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तसाच राहू दिला, आणि दुसऱ्या हातानं खिशातून फॉर्म काढून सुविधाकडे पेन मागितलं.

सही करून झाल्यावर त्यानं फॉर्मची दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत पाहिली. त्याला काहीतरी सापडत नव्हतं.

"थंय जेवणात नुस्तां-मासळी देतत मगे, टीचर?"

तो फॉर्म सुविधानं स्वतः भरला होता. वसतिगृह शुद्ध शाकाहारी असल्याचं दुसऱ्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"देतात," ती म्हणाली. "रोज."