पेन्सिलीतलं साल

मानवतच्या आमच्या कॉलेजचं ग्रंथालय गेल्या वर्षी ऑनलाइन झालं. आता पुस्तकाच्या नोंदीवर बटण दाबलं की लेखक, साल, प्रकाशक सगळं थेट संशोधकाच्या संदर्भसूचीत जातं. निवृत्त होऊनही मी आठवड्यातून तीन दिवस जातो, ते या नोंदींसाठी. वर्षभरात अकरा हजार कार्डं संगणकात उतरवली. संध्याकाळी डोळे चुरचुरतात.

बुधवारी सुकेशनी आली. ती इथंच तासिकेवर मराठी शिकवते.

"सर, लय काम वाचलं बघा. वालूरच्या सरजाबाईंची गाण्यांची पुस्तिका प्रबंधात एक्केचाळीस ठिकाणी आलीय. एकदाही हातानं लिहावी लागली नाही. सोमवारी सादर करायलेय."

"इतक्या ठिकाणी?"

"तिसरं प्रकरणच तिच्यावर आहे. धर्मांतरानंतर आपल्या जिल्ह्यात बाईनं छापलेलं पहिलं पुस्तक. १९५७."

ती वर्गावर गेली आणि मला ते साल टोचू लागलं. पुस्तिकेला मुखपृष्ठच नव्हतं, एवढं आठवत होतं. मी अडगळीत जाऊन कार्डांचे खण उपसू लागलो.

"सर, हे खण उंदरांना इश्यू केलेत. तुमी कशाला मागायलाव?" शिपाई भागवत दारातून म्हणाला.

कार्ड सापडलं. शाईनं १९५७. कोपऱ्यात पेन्सिलीनं 'अंदाजे', माझ्याच अक्षरात. साल माहीत नसलं की मी असं लिहायचो. खात्री झाल्यावर खोडता यावं म्हणून. खात्री बहुधा व्हायचीच नाही. संगणक मात्र सालाच्या चौकटीत नुसते आकडे मागत होता. मी आकडे भरले होते आणि पुढचं कार्ड घेतलं होतं.

दुपारभर सरजाबाईंचं कार्ड खिशात होतं. पुस्तिकेची दुसरी प्रत कुठंच नाही, कुणाला कळणार होतं? चार वाजता मी स्टाफरूममध्ये जाऊन ते सुकेशनीसमोर ठेवलं आणि कसंबसं सांगितलं.

"हे आज सांगायलाव सर?"

"आजच आठवलं."

"मग १९५७ आलं कुठून?"

"पुस्तिका देणारे आश्रुबा म्हणाले होते, दीक्षेनंतर लगेच छापली. लगेच म्हणजे वर्षभरात, असं मी धरलं."

"तुमी धरलं."

तिनं कार्ड उलटसुलट पाहिलं. मग लॅपटॉप उघडून आपल्या संदर्भसूचीतल्या नोंदीत सालाआधी 'अंदाजे' लिहिलं, एक बटण दाबलं. एक्केचाळीस ठिकाणी साल बदललं. नंतर प्रकरणाच्या शीर्षकातला 'पहिलं' हा शब्द खोडला.

"ते बटणानं झालं," ती म्हणाली. "या प्रकरणाची साठ पानं सोमवारच्या आत मलाच पुन्हा लिहायचीत."

"माझ्यामुळं."

"हो." तिनं कार्ड परत दिलं. "अशी अजून किती हायत?"

"दोनशे तरी असतील."

"मग दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात जायच्या आत काढा, सर."

मी ग्रंथालयात परतलो. भागवत कुलूप घेऊन उभा होता. त्याला अर्धा तास थांबायला सांगितलं आणि पहिला खण टेबलावर घेतला. पडद्यावर सालाच्या चौकटीखाली टिपेची एक चौकट होती, शब्द घेणारी. वर्षभर मी ती रिकामी सोडून पुढं जात आलो होतो.