जेरावांचा फोटो

शिरवळला आमच्या कोरियन कंपनीच्या कारखान्यात कोरियातल्या एका प्रांताचे प्रमुख येणार होते. नाव युन जे-सॉक. युन हे आडनाव, जे-सॉक हे एकच नाव. कोरियात आडनाव आधी लावतात. इतकं सोपं आहे. तरी माझ्या आधीच्या दुभाष्याला यावरूनच नारळ मिळाला. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं समजून त्यानं एका बड्या पाहुण्याला भर सभेत पाळण्यातल्या नावानं हाक मारली होती.

मी करारावर होते. मॅनेजर ऋषिराज म्हणाले, "स्वानंदी, पाहुण्यांचं नाव जिथे जिथे लागेल तिथली जबाबदारी तुमची. नीट पार पडलं तर त्याच संध्याकाळी कायम नोकरीचं पत्र. नाहीतर..."

मला ती नोकरी हवीच होती. वाईला आमचे बाबा, पोस्टातून निवृत्त झालेले अनंत आगाशे, पाच वर्षं एकच प्रश्न विचारत होते, "कोरियन शिकून पोट भरतं का गं?" त्यांना मला एकदाच, छापील कागदावर, उत्तर द्यायचं होतं.

दोन दिवस आधी गावच्या वेशीवर फ्लेक्स झळकला. त्यात नाव भल्यामोठ्या इंग्रजी अक्षरांत: 'युनराव जेराव सॉक यांचे हार्दिक स्वागत'. मी तडक ग्रामपंचायतीत गेले. सरपंच लालासाहेब फोटोसाठी फेटा बांधून घेत होते.

"चुकलं काय ह्यात?" ते म्हणाले. "तीन शब्द हायती. पयलं नाव, मग बापाचं, मग आडनाव."

"जे हे त्यांच्या वडिलांचं नाव नाही!"

"मग वडलांचं काय?"

"ते लावतच नाहीत."

लालासाहेब आवाज उतरवून म्हणाले, "बापलेकात भांडान हाय व्हय? शेतीवरनं?"

"तरीबी जेरावांचा एक फोटो मिळवा, म्याडम," तानाजी नावाचे सदस्य म्हणाले. "स्टेजवर हार घालाय लागंल. हायती का गेलं तेवढं सांगा. गेलं असतील तर चंदनाचा आणतो."

मी तासभर समजावलं. फळ्यावर कोरियाचा नकाशा काढला. तानाजींनी त्यात जेरावांची शेती कुठं हे विचारलं. माझं डोकं फिरायची वेळ आली होती, तेवढ्यात चहा घेऊन भामाबाई आल्या. तीस वर्षं हायस्कुलात शिपाई होत्या, निकालाची पाकिटं वाटायच्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "आवं, धावीच्या मार्कलिस्टावानी हाय की त्ये. आदी आडनाव, मंग नाव."

"आस्सं व्हय!" सगळी पंचायत एका सुरात म्हणाली. मला आनंदापेक्षा रागच जास्त आला. चार वर्षं फी भरून मी जे शिकले, ते चहाच्या ट्रेसोबत आलं होतं.

"पर मार्कलिस्टावर शेवटाला बापाचं नाव आसतंय," तानाजींनी शंका काढली.

मी हात जोडले. "त्यांच्या बोर्डात नसतं."

बोर्डापुढं कुणाचं चालतं? फ्लेक्स बदलला, त्यावर 'युन जे-सॉक' आलं.

पाहुणे आले. लालासाहेबांनी नारळ दिला, पाहुण्यांनी दोन्ही हातांनी आपलं कार्ड दिलं. कार्डावर इंग्रजीत छापलं होतं: 'जे-सॉक युन'. लालासाहेबांनी कार्ड पाहिलं, फ्लेक्स पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम," ते कुजबुजले, "सायबालाच सोताचं नाव येत न्हाई."

ऋषिराजांचा चेहरा उतरला. पाहुणे फ्लेक्ससमोर गेले आणि सावकाश कोरियनमध्ये बोलू लागले. मी मराठीत सांगत गेले: "लोक घोटाळा करतात म्हणून परदेशात मी आपणच नाव उलटं छापून घेतो. देशाबाहेर ते सरळ लिहिलेलं आज पहिल्यांदाच पाहतोय. तुम्हाला हे कसं ठाऊक?"

लालासाहेबांची छाती फुगली. "सांगा त्यास्नी, गावात समद्यांकडं धावीची मार्कलिस्ट हाय. माज्याकडं तर चार हायती."

संध्याकाळी पत्र हातात पडलं. कायम नोकरी! आणि सुरुवातीलाच: 'प्रिय मिस अनंत'. अर्जाला जोडलेल्या माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर 'आगाशे स्वानंदी अनंत' आहे. कोरियातल्या मुख्य कार्यालयातल्या बिचाऱ्यांनी इंग्रजी रीत पाळून शेवटचा शब्द आडनाव धरला होता.

घरी बाबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"हे तर माझ्या नावानं आहे."

"हो."

"म्हणजे नोकरी मला लागली?"

"तसंच दिसतंय."

बाबांनी कागदाची नीट घडी घातली आणि देवापुढे ठेवली. "मग भरतं म्हणायचं पोट," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. मला रडू फुटलं.

नावदुरुस्तीचा अर्ज मी सोमवारी देणार होते. आज तिसरा सोमवार. कारखान्यात मला सगळे मिस अनंत म्हणतात आणि मी ओ देते.